पाटांची चळत

मला हेवा करायला फार मोठं कारण लागत नाही. शेजारणीची कढी माझ्यापेक्षा बरी झाली तरी माझी दुपार वाया जाते. पण धंद्यात मी एकाच पेशंटचा हेवा केला, आणि तो असा कडकडून केला की आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं नाव निघालं की माझा हात आपोआप पदराकडे जातो, पोट झाकायला.

धंदा म्हणजे फिजिओथेरपी. परभणीत मी खोली भाड्यानं घेऊन दवाखाना टाकला तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता. लोक मला 'मालिशवाल्या बाई' म्हणत. मी मालिश करत नाही, हे पहिली काही वर्षं मी भेटेल त्याला समजावून सांगितलं, पुढं नाद सोडला. माझं काम साधं आहे. हाडाचा डॉक्टर हाड जोडतो, सर्जन पोट कापून शिवतो. त्यानंतर पेशंट खाटेवरून उठून नळावर कसा जाईल, केस कसे विंचरेल, एसटीची पायरी कशी चढेल, ते माझ्याकडे. भिंतीला लावलेलं खांदा फिरवायचं चाक, धरून चालायच्या दोन लोखंडी दांड्या, पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या आणि शेकाचा दिवा, एवढ्या सामानावर मी संसाराला हातभार लावला. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून होते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. झरीचे एक पाटील खांदा आखडला म्हणून आले. रोज येऊन चाक फिरवा, असं मी सांगितलं. दोन दिवस आले, तिसऱ्या दिवशी त्यांचा सालगडी चाकापाशी उभा. "मालक म्हणले, मला टाइम न्हाई, तू जाऊन फिरवून ये." त्या बिचाऱ्यानं इमानानं चाक फिरवलं. पाटलांचा खांदा आखडलेलाच राहिला, गड्याचा मात्र छान मोकळा झाला. पेडगावच्या एका म्हातारीला प्लॅस्टर काढल्यावर पायाला बांधायला वाळूची पिशवी दिली. पुढच्या खेपेला बघते तर पायाला नुसतं रिकामं फडकं. "वाळू वतून दिली बाई, उगं लय वजन व्हायलं होतं," असं ती मलाच समजावत होती.

आणि या सगळ्यांना कसरत शिकवणारी मी स्वतः जाड. लहानपणापासून जाड. सोमवार केले, गुरुवार केले, चतुर्थ्या केल्या. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि उपासानंही जाड झाले. सकाळी लिंबू-मध घेतलं, तर भूक वाढली. पेशंट तोंडावर विचारत, "बाई, ही कसरत तुमी सोता करता का नुसती सांगायलाव?" मी करत होते. खरंच करत होते. पण सांगून कोण ऐकतंय!

अशात शैलाताई आल्या. मानवतची पार्टी, घरची कापसाची आणि धान्याची आडत, दारात मोटार. माझ्याच वयाच्या आणि वजनानं माझ्या दीडपट. गुडघे दुखतात म्हणून पहिल्यांदा आल्या तेव्हा मला त्या फार आवडल्या. त्यांच्या शेजारी उभी राहिले की मी बारीक दिसायची. दवाखान्यात एवढ्या आनंदानं मी कुणाची वाट पाहिली नसेल.

गुडघ्याला शेक देता देता त्यांनी आपलं खरं दुखणं सांगितलं. ते गुडघ्यात नव्हतंच. त्यांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पूजेच्या दिवशी पहिल्या पंगतीला सवाष्णी जेवतात, आणि त्यांच्या बरोबरीनं घरच्या थोरल्या सुनेचा पाट असतो. त्या घराची रीत अशी की जेवल्या जागीच हात धुवायला तस्त येतं, तिथंच सासूबाई ओटी भरतात, आणि भरली ओटी पदरात धरून सवाष्णीनं पाटावरून उठायचं. दोन्ही हात पदराला गुंतलेले, म्हणजे भुईला हात टेकायची सोय नाही. एका वर्षी शैलाताई उठायला गेल्या आणि कलंडल्या. तांदूळ सांडले, नारळ घरंगळत देवीपुढं गेला, पायाखाली पान आलं. चार जणींनी धरून उठवलं. बायका हसल्या नाहीत, हेच त्यांना जास्त लागलं होतं. पुढच्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "तू आपली टेबलावर जेव," आणि पाट धाकटीला दिला.

"मला त्या पाटावर बसायचंय, बाई," शैलाताई म्हणाल्या. "दुसरं काई नको मला."

मी त्यांना व्यायाम दिला. त्यांनी तो नेटानं केला. माझ्यासारखाच त्यांचाही काटा जागचा हलला नाही, आणि आम्ही दोघी एकमेकींना 'हाडंच जड आहेत' असं सांगत सुखानं राहिलो. मग एके दिवशी कळलं, त्या अमेरिकेला गेल्या. त्यांचा भाऊ तिकडं डॉक्टर. त्यानं बोलावून घेऊन पोटाचं ऑपरेशन करवलं होतं.

हे ऑपरेशन तेव्हा आमच्या जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. परभणीच्या ज्या सर्जनकडे त्या परत आल्यावर दाखवायला गेल्या, त्यांनी मला समजावलं. जठराला धातूच्या बारीक पिना मारून वरच्या बाजूला एक छोटी पिशवी वेगळी करायची. घास आधी तिथं जातो, आणि तिचं खालचं तोंड अरुंद, त्यामुळं अन्न सावकाश उतरतं. चार घासांत माणूस भरतो. पाचवा घेतला तर उलटून पडतो. "जखमेची काळजी मी घेतो," सर्जन म्हणाले, "चालवणं-फिरवणं तुमचं. अशा पेशंटची चरबी उतरते तशी ताकदही उतरते. मांड्या गेल्या तर ती उभी राहणार नाही."

मी मानवतला गेले. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत कधी बंद होईल याचा नेम नसे. त्या दिवशीही एसटी बंद होती. रेल्वेनं मानवत रोडला उतरले, तिथून टांगा केला आणि घामाघूम होऊन आडतवाल्यांच्या माडीवर चढले. बघते तर शैलाताई बाजेवर. कान बांधलेले, अंगावर दोन रजया, बाजेखाली शेगडी, उशाला डिंकाच्या लाडवांचा डबा. शेजारी सासूबाई पहाऱ्याला.

"हे काय, आजी?" मी विचारलं.

"काय म्हंजी? पोट फाडलंय की पोरीचं. बाळंतपणच हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "सव्वा म्हैना उठू देत नसते मी."

म्हातारीचा हिशोब चुकीचा म्हणवेना. तिच्या जन्मात बायकांची पोटं एकाच कारणानं दुखली होती. पण मी बोलायला तोंड उघडणार तोच शैलाताई उठून बसल्या, छातीखाली हात दाबला आणि पांढऱ्याफटक पडल्या. थोड्या वेळापूर्वी सासूबाईंनी मायेनं अर्धा लाडू भरवला होता. तो त्या अरुंद तोंडाशी अडकून बसला होता. थुंकी गिळता येईना, उमाळे यायला लागले. मी त्यांना ताठ बसवलं, टाक्यांवर उशी दाबून धरायला दिली, पाण्याचा थेंब देऊ नका म्हणून बजावलं आणि मोटार काढायला लावली. परभणीपर्यंत मी त्यांना मागच्या सीटवर धरून बसले, सासूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी. वाटेत एका मोठ्या उलटीबरोबर लाडू पडला. सर्जननी तपासून पिना शाबूत असल्याचं सांगितलं तेव्हा कुठं सासूबाईंनी श्वास सोडला.

दुसऱ्या दिवसापासून शेगडी गेली, कान सुटले आणि माझं काम सुरू झालं. खोकताना पोटावर उशी कशी धरायची, कुशीवर वळून कसं उठायचं. आधी माडीवरल्या माडीवर चालणं, मग अंगणात, मग आडतीपर्यंत. जेवणाचंही मलाच बघावं लागे. वरणाचं घट्ट पाणी, दही, मऊ मुगाची खिचडी, तीही चहाच्या चमच्यानं. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास चावून चावून बेचव झाला की मगच गिळायचा.

आणि शैलाताई उतरायला लागल्या.

कशा उतरल्या ते सांगताना आजही माझा जीव खालीवर होतो. दर आठवड्याला झंपर सैल. बांगड्या मनगटातून आपोआप गळायच्या. माझ्या हातातल्या, मागं एकदा सूज आली तेव्हा, सोनारानं कापून काढल्या होत्या. हनुवटीखालची वळी गेली आणि आतून एक मान निघाली. चांगली लांब मान होती. असली मान आत आहे हे त्यांनी इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं, याचाही मला राग आला. ऑपरेशन त्यांच्या पोटाचं, आणि दुखत होतं माझ्या पोटात.

त्या अमेरिकेच्या सर्जनचाही मी हेवा करत होते. त्यानं शैलाताई झोपलेल्या असताना काम केलं. मी त्या जाग्या असताना करत होते. त्यांची रडारड, चिडचिड, 'आज नको बाई' सगळं मी सोसायचं आणि नाव त्याचं. मानवतच्या बायका म्हणत, "अमेरिकेनं शैलाचं सोनं केलं." मी तिथंच उभी असायची.

एकदा आमचे हे मला न्यायला मानवतला आले. परतताना एसटीत म्हणाले, "त्या किती बारीक झाल्या गं! ओळखूच आल्या नाहीत."

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं.

"काही नाही. बघितलं म्हणून बोललो."

"मग खिडकीतून बघा. कापूस चांगला आलाय."

परभणी येईपर्यंत ते खिडकीतून बघत बसले.

मग शैलाताईंचे केस गळायला लागले. फणीत मूठ मूठ यायचे. पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबायला लागली, तोंडावर सुरकुत्या आल्या. मला बरं वाटलं. लपवून काय करायचं, दोन दिवस मी खुशीत गाणी म्हणत पोळ्या लाटल्या. तिसऱ्या दिवशी त्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांचे पाय लटपटले. सर्जन म्हणाले होते तेच. चरबीबरोबर मांड्याही चालल्या होत्या. एवढी मोठी बाई हलकी झाली आणि तरी तिला पाटावरून उठता येणार नाही, हे मला दिसलं. मग माझं गाणं बंद झालं. माझा पेशंट उठला नाही तर मी कसली बाई! सर्जनकडून ताकदीची इंजेक्शनं सुरू करून घेतली, डाळ आणि दही वाढवलं आणि सासूबाईंकडे पाट मागितले.

त्यांच्याकडे पंगतीचे जुने सागवानी पाट होते. मी ते एकावर एक रचले, पार खुर्चीच्या उंचीपर्यंत. त्या चळतीवर शैलाताईंनी बसायचं आणि उठायचं. टाचा टेकवा, पुढं वाका, श्वास सोडत उठा. हात लावायचा नाही. पदरात उशी धरायला लावायची, म्हणजे हात गुंतून राहतील. त्या उंचीवरून सहज जमायला लागलं की वरचा एक पाट काढून घ्यायचा. पुन्हा जमलं की आणखी एक. अशी ती चळत महिनोन्महिने उतरत गेली.

मी कडक होते. गरजेपेक्षा जास्तच होते, त्याचं कारण ती मान. पाय थरथरले की त्या हात पुढं करायच्या. "धरा ना बाई, एकदाच."

"हाताचा आधार घ्यायचा नाही."

"तुमी लय दुष्ट हाव."

"आहे. उठा."

श्रावणात खाली एकच पाट उरला. शैलाताई त्यावर बसल्या, पदरात उशी घेऊन उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. मग पोरीसारख्या खिदळत माडीभर फिरल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सुनेची दृष्ट काढली आणि तिथंच नवीनच घोर निघाला.

"बसशील, उठशील," त्या म्हणाल्या. "पण पानातलं काय करशील?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महालक्ष्मीच्या पानात सोळा भाज्या, कोशिंबिरी, चटण्या, वरण-भात, आंबील, पुरणपोळी. सवाष्णीनं पानात टाकायचं नाही, आणि त्या घरचा नैवेद्य उंबऱ्याबाहेरही जात नाही. पानात राहिलं तर देवी उपाशी राहिली असं मानतात. आणि शैलाताईंच्या पोटात जागा चार चमच्यांची. जास्त गेलं तर तिथंच, देवीपुढं, उलटून पडणार. ज्या पाटासाठी पोट कापून घेतलं, त्यावर आता बसता येत होतं आणि जेवता येत नव्हतं. शैलाताई उशी पदरात घेऊन मटकन खाली बसल्या. त्यांना उठा म्हणायचं मला सुचलं नाही.

"धाकटीच बसू दे, आत्याबाई," त्या म्हणाल्या.

सासूबाई जिना उतरून खाली गेल्या.

पूजेच्या दिवसाचं सवाष्ण म्हणून आवतण मला आलं. सासूबाईंनी स्वतः निरोप धाडला होता. ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. पहिली पंगत बसली. माझ्या उजव्या हाताचा पाट रिकामा होता, समोर केळीचं पान. सासूबाईंनी हाक मारली, "शैला, ये. बस."

शैलाताई आल्या. हिरवी पैठणी, नवं झंपर, आणि ती मान. बसल्या. हात न लावता बसल्या. सगळ्या पंगतीच्या नजरा त्यांच्याकडे होत्या, माझीही. आणि मग सासूबाईंनी त्यांच्यापुढचं केळीचं पान उचललं, आणि तिथं विड्याचं एक पान ठेवलं, देठ डावीकडं करून. करंगळीच्या टोकानं एकेक भाजी लावत गेल्या. वाटाण्याएवढं वरण, चार शितं भात, ठिपक्याएवढी आंबील. शेवटी पुरणपोळीचा तुकडा, कुंकवाच्या टिकलीएवढा, आणि त्यावर तुपाचा थेंब.

कुणीतरी कुजबुजलं. सासूबाईंनी मान वर केली. "देवीला पान भरलेलं लागतं. पान कोणतं, हे तिनं मला आजपस्तोर इचारलं न्हाई. जेवा आता गुमान."

शैलाताईंनी डोळे पुसले आणि जेवायला सुरुवात केली. विड्याच्या पानावरचा एकेक ठिपका उचलून चावत राहिल्या. मी माझ्या पानावर होते. त्या घरच्या पुरणात जायफळ घालतात. पहिली पोळी संपली, वाढणारीनं दुसरी टाकली, तूप सोडलं. खाता खाता मला वाटलं, कुणीतरी बघतंय. शैलाताई माझ्या हाताकडं बघत होत्या. घास पानातून तोंडापर्यंत येई, नजर त्याच्या मागं येई. ती नजर मी ओळखली. त्यांच्या झंपराकडं मी याच नजरेनं बघायची.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "दुसरी पोळी कशी लागती हो? मी विसरूनच गेले."

मी हातातला घास पानात ठेवला. वर्षभर मी हिच्या मानेवर जळत होते. मी म्हटलं, "पहिलीसारखी नाही लागत. दुसरीची नुसती सवय असते."

"मग तिसरी कशाला घ्यायलाव?"

वाढणारीनं तेवढ्यात तिसरी टाकली होती. मी नको म्हटलं नव्हतं. पानात टाकायचं नसतं म्हणून खाल्ली. शैलाताईंनी शेवटच्या घासापर्यंत बघितली.

तस्तात हात धुतले. सासूबाईंनी ओट्या भरल्या, आधी सुनेची, मग माझी. तांदूळ, खण, नारळ. शैलाताईंनी पदर दोन्ही हातांनी धरला, टाचा टेकवल्या, पुढं वाकल्या आणि श्वास सोडत उठल्या. तांदळाचा दाणा सांडला नाही. पंगतीतल्या बायका सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सासूबाई देवीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, बराच वेळ.

मग मी उठायला गेले. पदर दोन्ही हातांनी धरला, टाचा टेकवल्या, पुढं वाकले, श्वास सोडला. काही झालं नाही. तीन पोळ्या, सोळा भाज्या आणि माझे गुडघे, सगळं पाटावरच. पुन्हा श्वास घेतला, पुन्हा सोडला. चारचौघींत घाम फुटला. इतके महिने पाट रचत होते मी, पण त्यांवर मी स्वतः एकदाही बसले नव्हते.

शैलाताईंनी आपली ओटी डाव्या हातात सावरली आणि उजवा हात माझ्यापुढं केला.

"हाताचा आधार घ्यायचा न्हाई, बाई," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. हात मात्र तसाच पुढं ठेवला.

मी एका हातानं पदर धरला आणि दुसऱ्यानं तो हात. बारीक मनगट होतं, पण मांड्या मी तयार केलेल्या होत्या. त्यांनी मला एका ओढीत उभं केलं.